रोलिंग डेट रेंज म्हणजे काय? शीट आणि डॅशबोर्डमध्ये ‘मागचे ३० दिवस’ बरोबर कसे मोजायचे

यूट्यूब स्टुडिओ उघडलं की वर लिहिलेलं असतं ‘मागचे २८ दिवस’. शेअरच्या ॲपमध्ये ‘५२ आठवड्यांचा उच्चांक’ दिसतो. म्युच्युअल फंडाखाली १ वर्ष, ३ वर्षं, ५ वर्षं अशी बटणं असतात. फोनचा स्क्रीन टाइमसुद्धा आठवड्याच्या हिशोबात मिळतो. यातले बरेचसे आकडे रोज बदलतात, कारण त्यांची तारखांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. या सरकत्या चौकटीला रोलिंग डेट रेंज म्हणतात.

दिसायला हे एकदम सोपं आहे. पण पैशाच्या हिशोबात याच चौकटीने माझा दोनदा घात केलाय, आणि दोन्ही वेळा शीटने एकही एरर दाखवली नाही. आधी ती गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे फॉर्म्युले कशासाठी आहेत ते कळेल.

गव्हाणमधली शीट

पनवेल तालुक्यातलं आमचं गव्हाण. एका अंगाला उलवे, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदर. माझ्या काकांचे दोन छोटे टेम्पो आहेत. गोदामातला माल दुकानांपर्यंत पोचवायचा आणि बिल करायचं, एवढाच व्यवसाय. पैसे बहुतेक उधारीवर, टेम्पोचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. इंजिनिअर पुतण्या घरात असल्यावर वही कशाला, म्हणून मी त्यांना मोबाईलवर गूगल शीट बनवून दिली.

पहिली चूक: एकूण कमाईच्या फॉर्म्युल्यात मी शेवटची तारीख ३१ मार्च २०२५ अशी हाताने टाकली होती. एप्रिल उजाडला. काका रोज नोंदी करत होते, पण वरचा आकडा हलत नव्हता. २० मेला त्यांनी विचारलं, “अरे, माझा धंदा बंद पडलाय का रे?” पन्नास दिवसांच्या नोंदी शीटमध्ये होत्या, पण बेरजेत नव्हत्या.

मग मी हुशारी केली. सगळीकडे ‘मागचे ९० दिवस’ अशी सरकती रेंज लावून टाकली. आकडे रोज ताजे दिसायला लागले, काका खूश. दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, टेम्पोची पूजा झाल्यावर ते जुनी वही घेऊन बसले. सवय म्हणून मोठी बिलं ते वहीतही लिहीत होते. त्यात १२ जूनचं ३८,५०० रुपयांचं बिल होतं, पैसे आलेले नव्हते. शीटच्या थकबाकी यादीत ते नव्हतंच. ११ सप्टेंबरला ते ९० दिवसांच्या चौकटीबाहेर सरकलं आणि यादीतून गायब झालं. दसऱ्यापर्यंत ११२ दिवस होऊन गेले होते. पार्टी म्हणाली, “तुमचा फोन आला नाही, आम्हाला वाटलं क्लिअर झालंय.” पैसे नंतर दोन हप्त्यांत आले, पण त्या महिन्याचा टेम्पोचा हप्ता काकांनी काकूच्या भिशीच्या पैशातून भरला.

काका मला एवढंच म्हणाले, “वहीत पान उलटलं तरी मागची बाकी पुढच्या पानावर येते. तुझ्या मोबाईलात ती गायब कशी होते?”

या प्रश्नाचं नीट उत्तर म्हणजेच हा लेख.

तारखांच्या रेंजचे पाच प्रकार

१. स्थिर रेंज. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. कधीही बदलत नाही. टॅक्स रिटर्न, ऑडिट आणि सीएला द्यायचा रिपोर्ट यासाठी हीच हवी.

२. रोलिंग, म्हणजे सरकती रेंज. मागचे ७, २८, ३० किंवा ९० दिवस. लांबी तीच राहते, जागा रोज बदलते.

३. ‘आजवर’ची रेंज. महिन्याच्या १ तारखेपासून आजपर्यंत, किंवा १ एप्रिलपासून आजपर्यंत. हिची सुरुवात पक्की असते आणि लांबी रोज वाढते. इंग्रजी रिपोर्टमध्ये एमटीडी आणि वायटीडी लिहिलेलं असतं ते हेच.

४. मागचा पूर्ण कालावधी. मागचा पूर्ण महिना किंवा मागची पूर्ण तिमाही. महिना बदलला की उडी मारून पुढे जाते, मध्ये हलत नाही.

५. मागचे १२ महिने. कंपन्यांच्या आकड्यांत याला टीटीएम म्हणतात. शेअरचा पीई रेशो बहुतेक ॲपमध्ये मागच्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो. नव्या तिमाहीचा निकाल आला की सर्वांत जुनी तिमाही गळते आणि नवी जोडली जाते.

डॅशबोर्ड बनवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला यातली नक्की कोणती रेंज हवी आहे? ‘या महिन्याची कमाई’ असं म्हणताना अर्ध्या लोकांच्या मनात ३ नंबर असतो आणि अर्ध्यांच्या मनात २ नंबर. महिन्याच्या ४ तारखेला या दोन आकड्यांत आकाशपाताळाचा फरक पडतो.

२८ दिवस का? ३० का नाही?

२८ म्हणजे बरोबर ४ आठवडे. २८ दिवसांच्या कोणत्याही चौकटीत ४ सोमवार आणि ४ रविवार येतात, म्हणून दोन चौकटींची तुलना न्याय्य होते. ३० दिवसांत दोन वार जास्तीचे येतात. कधी ४ रविवार असतात, कधी ५. काकांचे टेम्पो रविवारी उभे असतात. त्यामुळे ५ रविवारांच्या चौकटीत धंदा आपोआप ‘घसरलेला’ दिसतो, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. आठवड्याचा ताल असलेल्या धंद्याला ७, २८ किंवा ९१ दिवसांची चौकट चांगली. भाडं, पगार, हप्ता असे महिन्याचे खर्च असतील तर मात्र पूर्ण महिनेच घ्या.

२८ दिवस आणि महिना एकच समजलं की काय होतं, हे मोबाईल रिचार्ज करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २८ दिवसांचा प्लॅन घेतला तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज लागतात (१३ गुणिले २८ म्हणजे ३६४). ग्राहकांची ही तक्रार इतकी वाढली की २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन तरी ३० दिवसांचा ठेवायला सांगितलं.

आधी पाया: शीटला तारीख म्हणजे नंबर

एक्सेल आणि गूगल शीट तारखेला आतून नंबर म्हणून साठवतात. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. दुसरा दिवस ४५६५९. म्हणूनच आजच्या तारखेतून सरळ ३० वजा करता येतात. वेळ असेल तर ती अपूर्णांकात जाते, म्हणजे दुपारी १२ म्हणजे ०.५.

यातून तीन अडचणी तयार होतात:

- तारीख मजकूर बनते. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल तर ती आधी महिना आणि मग दिवस वाचते. तुम्ही १३/०६/२०२५ टाकलं तर १३ वा महिना नसल्यामुळे शीट ती नोंद साधा मजकूर म्हणून ठेवते. मजकूर कुठल्याच तारीख-बेरजेत येत नाही, आणि एररही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.
- दिवस-महिना उलटतो. ०५/०६/२०२५ ही ५ जून की ६ मे? ही चूक जास्त वाईट, कारण सेल उजवीकडेच दिसतो. उपाय म्हणजे फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ करा. ही सेटिंग नोंदी सुरू करण्याआधीच करा, नंतर बदलून आधीच्या चुका सुधारत नाहीत.
- टाइमझोन. गूगल शीटमध्ये ‘आज’ कोणता, हे शीटच्या टाइमझोनवर ठरतं. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला असेल तर आपल्याकडे सकाळी १० वाजता शीटसाठी अजून कालचाच दिवस चालू असतो. लोकेलच्या शेजारीच टाइमझोन आहे, तोही तपासा.

स्टेप बाय स्टेप सेटअप

फॉर्म्युल्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाका. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की ॲप पुढचं सुचवतंच.

दोन टॅब बनवा. ‘नोंदी’ टॅबमध्ये चार कॉलम: ए मध्ये बिलाची तारीख, बी मध्ये पार्टी, सी मध्ये रक्कम, डी मध्ये पैसे मिळाल्याची तारीख (मिळाले नसतील तर रिकामं). दुसरा टॅब ‘सेटिंग’:

- बी१ (आज): =टुडे()
- बी२ (किती दिवस): २८
- बी३ (सुरुवात): =बी१-बी२
- बी४ (शेवट): =बी१

आता बेरीज:

=समइफ्स(नोंदी!सी:सी, नोंदी!ए:ए, ">="&सेटिंग!बी३, नोंदी!ए:ए, "<"&सेटिंग!बी४)

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत.

पहिली, ‘आज’ एकाच सेलमध्ये आहे. टुडे हे फंक्शन वीस फॉर्म्युल्यांत विखरून ठेवू नका. एकाच सेलमध्ये असेल तर त्या जागी हाताने जुनी तारीख टाकून ‘१५ ऑगस्टला डॅशबोर्ड कसा दिसत होता’ ते लगेच बघता येतं. फॉर्म्युला तपासायचा असेल तेव्हाही याचाच उपयोग होतो. काम झालं की टुडे परत टाकायला विसरू नका. मी विसरलोय.

दुसरी, सुरुवातीला ‘>=’ आहे आणि शेवटी फक्त ‘<’. म्हणजे सुरुवातीचा दिवस आत, शेवटचा बाहेर. याचे दोन फायदे आहेत. एक, दिवस बरोबर मोजले जातात. दोन्हीकडे बरोबरचं चिन्ह लावलं तर ‘आज वजा ३० ते आज’ यात ३० नाही, ३१ दिवस येतात. दोन, वेळेसकट नोंदी सुटत नाहीत. ‘३१ मार्चपर्यंत’ असं बरोबरचं चिन्ह लावून लिहिलं तर शीट ते ३१ मार्चच्या रात्री १२ वाजेपर्यंत, म्हणजे दिवस सुरू होतानाचं समजते. त्या दिवशी सकाळी १० ची नोंद बाहेर राहते. ‘१ एप्रिलच्या आधी’ असं लिहिलं की अख्खा दिवस आत येतो.

उदाहरण पाहू. समजा बी१ मध्ये १० जून २०२५ आहे आणि बी२ मध्ये ३०. सुरुवात ११ मे, शेवट ९ जून. मे चे २१ आणि जूनचे ९, एकूण ३०. हिशोब जुळला.

आजचा दिवस बाहेर ठेवलाय, कारण तो अजून अर्धवट आहे. सकाळी ९ वाजता ‘आज’ धरला तर एक दिवस जवळपास शून्याचा येतो आणि सरासरी विनाकारण खाली जाते.

तयार फॉर्म्युले

- मागचा पूर्ण महिना. सुरुवात: =ईओमंथ(बी१,-२)+१, शेवट: =ईओमंथ(बी१,-१)+१. ईओमंथ हे फंक्शन महिन्याची शेवटची तारीख देतं, मग ती २८ असो, २९, ३० की ३१.
- या महिन्यात आजवर. सुरुवात: =ईओमंथ(बी१,-१)+१, शेवट: =बी१
- मागचे १२ पूर्ण महिने. सुरुवात: =ईओमंथ(बी१,-१३)+१, शेवट: =ईओमंथ(बी१,-१)+१
- चालू आर्थिक वर्षाची सुरुवात. =डेट(इयर(ईडेट(बी१,-३)),४,१)

शेवटचा फॉर्म्युला जपून ठेवा. परदेशी टेम्पलेट वर्ष १ जानेवारीला सुरू करतात आणि आपलं १ एप्रिलला सुरू होतं. एक्सेलच्या तयार फिल्टरमधलं ‘या वर्षी आजवर’सुद्धा जानेवारीपासूनच मोजतं. वरच्या फॉर्म्युल्याची युक्ती अशी: आधी ३ महिने मागे जायचं आणि मग वर्ष काढायचं. फेब्रुवारी २०२६ मधून ३ महिने मागे गेलं की नोव्हेंबर २०२५ येतो, म्हणून वर्ष १ एप्रिल २०२५ ला सुरू. ५ एप्रिल २०२६ मधून मागे गेलं की ५ जानेवारी २०२६, म्हणून १ एप्रिल २०२६.

ईडेट वापरताना एक काळजी घ्या. ३१ मार्चमधून एक महिना वजा केला की २८ फेब्रुवारी येते (लीप वर्षी २९). पण २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवला तर २८ मार्च येते, ३१ नाही. महिन्याच्या टोकाच्या तारखांसाठी ईओमंथच वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं: थकबाकीला सरकती रेंज लावू नका

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ.

पैशाचे आकडे दोन जातीचे असतात. एक प्रवाह: एवढ्या दिवसांत किती विक्री, किती डिझेल, किती फेऱ्या. दुसरी शिल्लक: या क्षणी बँकेत किती, येणं किती, कर्ज किती. जुन्या हिशोबात यासाठी वेगळ्या वह्याच असायच्या. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार आणि खतावणीत प्रत्येक खात्याची बाकी. ‘मागील बाकी’ पुढच्या पानावर ओढून आणल्याशिवाय नवं पान सुरूच होत नसे.

सरकती रेंज ही प्रवाहासाठी आहे. शिल्लक मोजताना सुरुवातीची तारीख नसतेच, फक्त ‘या तारखेला’ एवढंच असतं. मी थकबाकीवर ९० दिवसांची चौकट लावली आणि नेमकी सगळ्यात जुनी, म्हणजे सगळ्यात धोक्याची बिलं बाहेर फेकली. बिल जितकं जास्त थकेल तितकं ते दिसेनासं होणार, असा उलटा डॅशबोर्ड मी बनवला होता.

बरोबर पद्धत ही:

- एकूण येणं. =समइफ्स(नोंदी!सी:सी, नोंदी!डी:डी, "")
- ४५ दिवसांपेक्षा जुनं येणं. =समइफ्स(नोंदी!सी:सी, नोंदी!डी:डी, "", नोंदी!ए:ए, "<"&सेटिंग!बी१-४५)

दोन्हीकडे सुरुवातीची तारीख नाही, हे लक्षात घ्या.

४५ हा आकडा मनाने घेतलेला नाही. एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. दिवस मोजायचे ते माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, अशी मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे वेळेत फोन केला तर समोरच्यालाही पैसे देण्यात फायदा असतो. यासाठी आपली उद्यम नोंदणी मात्र हवी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते.

म्हणूनच काकांच्या शीटमध्ये आता एक ई कॉलम आहे:

=इफ(अँड(डी२="", सेटिंग!$बी$१-ए२>३५), "फोन करा", "")

४५ नाही, ३५ वरच. दहा दिवस हातात राहतात. लेखी करार नसेल तर हा आकडा आणखी खाली आणा, १० वगैरे.

तुलना करताना चौकटी जुळवा

एकटा आकडा काही सांगत नाही. ‘मागच्यापेक्षा किती?’ हे हवं असतं. पण तुलना तीन ठिकाणी फसते.

अर्धा महिना विरुद्ध पूर्ण महिना. १० जूनला ‘जून विरुद्ध मे’ बघितलं तर जून नेहमीच हरणार. १ ते ९ जूनची तुलना १ ते ९ मे शी करा, किंवा मागच्या २८ दिवसांची त्याआधीच्या २८ दिवसांशी. दुसरीसाठी सुरुवात =बी१-२*बी२ आणि शेवट =बी१-बी२.

सण. आपले सण तिथीने येतात, शीट मात्र इंग्रजी कॅलेंडर जाणते. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे ‘ऑगस्ट २०२५ विरुद्ध ऑगस्ट २०२४’ ही तुलना सजावट, मिठाई, वाहतूक यांपैकी कुठल्याच धंद्यात अर्थाची नाही. एका महिन्यात गणपतीची खरेदी जवळपास पूर्ण बसलीये, दुसऱ्यात फक्त तयारी. उपाय: सणाची तारीख एका सेलमध्ये ठेवा आणि ‘चतुर्थीच्या आधीचे २१ दिवस’ अशी रेंज दोन्ही वर्षांसाठी काढा. मासळीच्या धंद्यातही तेच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टच्या मध्यावर ‘मागचे ३० दिवस’ घेतले तर अर्धी चौकट बंदीतली आणि अर्धी हंगामातली असते. तो आकडा कोणत्याच काळाचा नसतो.

परिस्थितीच बदलणं. आमच्या भागात हे रोजचं झालंय. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. अशा तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली १२ महिन्यांची सरासरी आधीचंही सांगत नाही आणि नंतरचंही. चार्टवर त्या तारखेला उभी रेघ मारा आणि दोन भाग वेगळे वाचा.

डॅशबोर्ड टूलमध्ये काय तपासायचं

लुकर स्टुडिओ. याचं जुनं नाव गूगल डेटा स्टुडिओ, २०२२ मध्ये बदललं. यात ऑटो रेंज साधारण मागच्या २८ दिवसांची असते आणि आजचा दिवस धरत नाही. ॲडव्हान्स्ड पर्यायात ‘आज वजा इतके दिवस’ असं स्वतः ठरवता येतं.

पॉवर बीआय. रिलेटिव्ह डेट स्लायसरमध्ये ‘आजचा दिवस धरा’ असा वेगळा स्विच आहे. हा स्लायसर यूटीसी वेळेवर चालतो. त्यामुळे भारतात रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत त्याच्यासाठी कालचाच दिवस चालू असतो. रात्रपाळीचा डेटा असेल तर हे लक्षात ठेवा.

म्युच्युअल फंड ॲप. ‘३ वर्षांचा परतावा’ म्हणजे आजपासून मागे मोजलेली एकच चौकट. बाजार आज वर असेल तर सगळ्याच फंडांचा हा आकडा छान दिसतो. रोलिंग रिटर्न म्हणजे अशा शेकडो ३ वर्षांच्या चौकटी, प्रत्येक एक दिवस किंवा एक महिना पुढे सरकवून, आणि त्यांची सरासरी, सर्वांत वाईट, सर्वांत चांगली. फंड निवडताना दुसरा आकडा जास्त प्रामाणिक असतो.

शीट पाठवण्याआधी पाच तपासण्या

१. तारखा लिहून दाखवा. आकड्याच्या शेजारी ‘मागचे २८ दिवस’ एवढंच नको, ‘१३ मे ते ९ जून’ असंही दिसू दे. शेवट दाखवताना बी४ मधून १ वजा करा, कारण तो दिवस आपण बाहेर ठेवलाय.

२. शेवटची नोंद दाखवा. =मॅक्स(नोंदी!ए:ए). आठवडाभर नोंदीच झाल्या नसतील तर सरकती चौकट हळूहळू रिकामी होते आणि धंदा बुडाल्यासारखं वाटतं. हा एक सेल तो गैरसमज टाळतो. इथे उद्याची किंवा पुढच्या वर्षाची तारीख दिसली, तर कुठेतरी टायपिंगची चूक आहे.

३. तीन खोक्यांची बेरीज. चौकटीआधीची रक्कम + चौकटीतली + चौकटीनंतरची = सगळ्या नोंदींची एकूण रक्कम. जुळत नसेल तर कुठल्यातरी ओळीत तारीख मजकूर झालेली आहे किंवा रिकामी आहे. माझी पहिली चूक या एका ओळीने पन्नास दिवस आधी पकडली असती: ‘चौकटीनंतरची रक्कम’ रोज वाढताना दिसली असती.

४. कोणाला देताय ते बघा. सरकत्या रेंजची लिंक पाठवली तर समोरचा उद्या वेगळा आकडा बघेल. बँक, सीए किंवा भागीदार यांना द्यायचं असेल तेव्हा बी१ मध्ये तारीख पक्की करा, पीडीएफ काढा आणि मग पाठवा.

५. चार तारखांवर चालवून बघा. बी१ मध्ये १ मार्च, ३१ मार्च, १ एप्रिल आणि १ जानेवारी टाकून आकडे बघा. बहुतेक चुका या चारपैकी एका तारखेला बाहेर येतात.

थोडक्यात

रोजच्या कामासाठी, धंदा कुठे चाललाय ते बघायला: सरकती रेंज, शक्यतो ७ च्या पटीत. सरकारी कामासाठी आणि इतरांना द्यायला: स्थिर रेंज, १ एप्रिल ते ३१ मार्च. येणं, देणं आणि शिल्लक यासाठी: रेंजच नाही, फक्त ‘या तारखेला’.

काकांच्या डॅशबोर्डवर आता तीन आकडे आहेत. मागच्या २८ दिवसांची कमाई, आर्थिक वर्षाची आजवरची कमाई, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत एकूण येणं. त्या तिसऱ्या सेलला काकांनी स्वतः नाव दिलंय: ‘मागील बाकी’. वही त्यांनी अजून सोडलेली नाही, आणि मीही आता सोडा म्हणत नाही. महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे शेजारी ठेवून आम्ही जुळवतो. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या घरात कोणी शीटवर हिशोब ठेवत असेल, तर आजच त्यांच्या थकबाकीचा फॉर्म्युला उघडा आणि बघा, त्यात चुकून एखादी सुरुवातीची तारीख बसलेली नाही ना.